तेव्हा तो कुणीच नव्हता

विनोदी नटाच्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या सगळ्यांनी वडापाव आणि शेवटची लोकल हे दोन विषय पाच वर्षं तोंडी आणू नयेत, अशी माझी सूचना आहे. दिवाळी अंक उघडा, यूट्यूबवरची एखादी मुलाखत लावा, नाहीतर एखाद्या सत्काराला जाऊन बसा. कुणीतरी उठतंच आणि सांगतं, ‘हा कुणीच नव्हता ना, तेव्हापासून मी याला ओळखतो.’ मग तालमीनंतरची पायपीट, दोघांत एक चहा, उसना शर्ट. सभागृह हळवं होतं. तो माणूस तेव्हा लोकांना हसवायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही.

आठवणींचा हा प्रकार एवढा बोकाळलाय, की त्याची समीक्षा करायची वेळ आली आहे. राजा गोसावी भानुविलास चित्रपटगृहाच्या खिडकीवर तिकिटं विकत आणि आत पडद्यावर त्यांचाच ‘लाखाची गोष्ट’ चाले, ही कथा 1952पासून सांगितली जाते. छान आहे. पण गोसावींच्या बोलण्यातली ती भाबडी घाई आली कुठून, याचा त्यातून काडीचाही पत्ता लागत नाही. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, प्रशांत दामले बेस्टमध्ये, निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. ही सेवापुस्तकातली नोंद झाली.

या गर्दीत विनोदी नट राम नगरकरांची आत्मकथा ‘रामनगरी’ पुन्हा वाचली आणि ताजातवाना झालो. न्हाव्याचं घर, जातीचा धंदा, त्या धंद्याकडे तिरकं बघणारं पुणं, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. ज्या मालमसाल्यावर आजचा मुलाखतकार तीन भाग रडवेल, तो सगळा इथे आहे. पण नगरकर सहानुभूतीची वाटी पुढे करत नाहीत. प्रसंग रचतात, त्याला पीळ देतात, वाचक कळवळायच्या बेतात आला की स्वतःचीच फजिती पुढे करून त्याला हसायला लावतात. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून त्याला बोलतं ठेवणाऱ्या धंद्यात संवादाची जी तालीम होते, ती या गद्यात ऐकू येते. पुढे त्यांनी हेच एकपात्री म्हणून रंगमंचावर उभं केलं आणि 1982 साली कांतिलाल राठोडांनी त्यावर हिंदी चित्रपट केला, तेव्हा अमोल पालेकर त्यात होते. माझ्या लेखी मात्र मूळ पुस्तकच मोठं. नट प्रसिद्ध होण्याआधी काय होता, याचं उत्तर त्यात आहे: तो आधीपासूनच विनोदकार होता, फक्त त्याला प्रयोग लावून देणारं कुणी नव्हतं.

दादा कोंडक्यांच्या बाबतीतही हेच. ‘एकटा जीव’ या आत्मकथेत (शब्दांकन अनिता पाध्ये यांचं) सेवा दलाचे आणि नायगावचे दिवस आहेत, आणि तिथे लेखन धावतं. पण दादांबद्दल इतरांनी सांगितलेल्या आठवणी बघा. सगळ्यांची उडी थेट आशा भोसल्यांवर: आशाबाईंनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, मग ‘तांबडी माती’ हा चित्रपट आला, मग ‘सोंगाड्या’. अहो, ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य 1965चं आणि ‘तांबडी माती’ 1969चा. मधल्या वर्षांत हा माणूस रात्रीमागून रात्र वसंत सबनीसांच्या संहितेशी झुंजत होता, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी बतावणीत घुसवत होता, कुठे थांबलं की दुसरा हशा पहिल्यावर चढतो हे शिकत होता. त्याआधी सबनीसांनी त्याला ‘खणखणपूरचा राजा’त पाहिलं आणि ‘विच्छा’चा वग लिहून द्यायला ते तयार झाले. एका लेखकाला एका अनोळखी नटात असं काय दिसलं? मला ती भेट हवी आहे. ती दोन ओळींत उरकून आपण आशाबाईंकडे धावतो, कारण तिथे दार उघडतं. कला मात्र दाराबाहेरच तयार झालेली असते.

लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करायचा, लहानसहान कामं करायचा, हे सगळ्यांना पाठ आहे. 1983च्या ‘टूरटूर’मध्ये त्याने नेमकं काय केलं, हे सांगताना मात्र ‘धमाल’ या शब्दापुढे गाडी जात नाही. धमाल म्हणजे काय? वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्यावर उडी? शरीर एकीकडे, नजर दुसरीकडे? ते नाटक विंगेतून बघितलेले लोक आहेत अजून. ‘एक होता विदूषक’ (1992) हा चित्रपट त्याच्या वाट्याला आला, तेव्हा प्रेक्षकांनी तो चित्रपट नाकारला. तमाशातल्या बाईचा मुलगा, सोंगाड्या, मग नट, मग पुढाऱ्यांच्या हातातलं खेळणं, पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेली ही कथा आज बघताना जाणवतं, की हसवणाऱ्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल एवढं कठोर आपल्याकडे दुसरं काही झालेलं नाही. सत्कारातल्या आठवणीकार मंडळींनी तो सक्तीने बघावा.

मुळात ‘तेव्हा तो कुणीच नव्हता’ हे खोटं आहे. कुणाच्या लेखी नव्हता? कवलापूरच्या काळू-बाळू या तमाशातल्या जोडीला प्रसिद्ध होण्याआधी कोण भेटलं होतं? जत्राजत्रांतून माणसं ‘जहरी प्याला’तल्या त्या जुळ्या हवालदारांसाठी बैलगाड्या जुंपून येत होती. शहराला त्यांचा शोध लागला तो फार नंतर, आणि शहर समजलं की त्यांचा जन्म त्या दिवशी झाला. नायगावच्या मंडपात दादा कुणीतरी होताच. गणेशोत्सवात, कामगार नाट्यस्पर्धेत, एकांकिकेच्या फेरीत ज्याच्या प्रवेशाला पोरं शिट्ट्या मारतात, तो त्या गल्लीपुरता पूर्ण नट असतो. आठवणीकाराला सांगायचं असतं ते वेगळंच: आमच्या लोकांना तो माहीत नव्हता, मला होता. आठवण नटाची म्हणून सुरू होते आणि तिच्यात मोठा होतो सांगणारा.

बायकांच्या वाट्याला तर एवढंही येत नाही. निर्मिती सावंत किंवा विशाखा सुभेदार यांच्यासारख्या नट्यांशी बोलणं निघालं, की मुलाखतीची गाडी घराकडे वळते: मूल कुणाकडे ठेवायचात, घरचे काय म्हणाले. आवाजाच्या पट्टीबद्दल, देहबोलीबद्दल, पुरुषांनी लिहिलेल्या स्किटमध्ये स्वतःसाठी हशाची जागा कशी खणून काढली याबद्दल प्रश्न नाही.

दूरचित्रवाणीला हा गरिबीचा मालमसाला सोयीचा आहे, हे तर उघड आहे. नट उपाशी होता, आता त्याला मंच मिळाला, म्हणजे मंच देणारा थोर. दर आठवड्याला नवं स्किट पाडायला लावणाऱ्या, मुरायला वेळच न देणाऱ्या व्यवस्थेबद्दल मग बोलावं लागत नाही. ‘विच्छा’ प्रयोगागणिक बदलत गेलं. आजचं स्किट एकदा चित्रित झालं की संपलं. यातून चांगले नट निघतात ते व्यवस्थेमुळे नव्हे, तिला न जुमानता. ‘हास्यजत्रा’ या कार्यक्रमात गौरव मोरे आपलं नाव पवई फिल्टरपाड्यासकट ललकारायचा, तेव्हा तो वस्तीचा पत्ता बिरुदासारखा मिरवायचा आणि नेमका त्यातच विनोद होता. तोच पत्ता मुलाखतीत गेला की मागे बासरी वाजू लागते आणि बिरुदाची दुखवट्याची नोंद होते. फिल्टरपाड्यातल्या ज्यांनी त्याच्या नकला सर्वांत आधी ऐकल्या असतील, त्यांना स्टुडिओत बोलवा. ते कशाला हसले, एवढंच विचारा, आणि बासरीवाल्याला त्या दिवशी सुट्टी द्या.