मोझार्टचें वादळ आणि ब्राम्सचा संयम

पाश्चात्य वाद्यवृंदाच्या जलशाची मांडणी बहुधा ठराविक असते. पूर्वार्धांत अठराव्या शतकांतील एखादा पियानो-कन्सर्टो, मग विश्रांति, आणि उत्तरार्धांत एकोणिसाव्या शतकांतील भव्य सिंफनी. श्रोताहि एक ठराविक समजूत मनाशीं धरूनच आसनावर बसतो : आधीं 'अभिजात' संगीताचा नीटनेटका संयम ऐकावयाचा, मागून 'रोमँटिक' संगीताचा भावनावेग. ह्या समजुतीची परीक्षा घ्यावयाची असेल तर मोझार्टचा डी मायनर कन्सर्टो (के. ४६६) आणि ब्राम्सची चौथी सिंफनी ह्या दोन कृति एकाच जलशांत ऐकाव्या, असें आम्ही सुचवूं. पहिली ११ फेब्रुवारी १७८५ रोजीं व्हिएन्ना येथें प्रथम वाजली, दुसरी २५ ऑक्टोबर १८८५ रोजीं मायनिंगेन येथें. मध्यें पुरें एक शतक लोटलें आहे.

कन्सर्टोच्या आरंभीं चाल म्हणून गुणगुणतां येईल असें कांहींच नाहीं. वरच्या तंतुवाद्यांचे स्वर ठोक्यावर न पडतां ठोक्यांच्या मधल्या जागीं पडतात, आणि खर्जांतील वाद्यें खालून मधूनमधून उसळी घेतात. वादळापूर्वींचा कोंदटपणा त्यांत आहे. पुढें पियानो येतो, तो वाद्यवृंदाचें म्हणणें चालविण्यासाठीं नव्हे. तो आपली एक एकाकी चाल आरंभितो, आणि ती चाल वाद्यवृंद शेवटपर्यंत आपल्या तोंडीं घेत नाहीं. एक आणि अनेक ह्यांच्यामधील हा दुरावा हाच पहिल्या अंगाचा प्राण होय. मधल्या 'रोमान्स' मध्यें शांति लाभली असें वाटतें, तोंच तिच्या पोटांतून क्षोभ उफाळून येतो. मायनर म्हणजे कोमल गांधाराची छाया असलेला स्वरसमूह. मोझार्टच्या क्रमांकित २७ पियानो-कन्सर्टोंपैकीं अवघे दोन ह्या छायेंत रचलेले आहेत. ह्या कृतीस केवळ नीटनेटकी म्हणणें म्हणजे ती न ऐकणेंच होय.

आतां ब्राम्स. त्याच्या सिंफनीचें शेवटचें अंग आठ स्वरांच्या एका ओळीवर उभें आहे. बाखच्या १५० व्या कँटाटाच्या अखेरच्या भागांतील खर्जावरून ब्राम्सनें ती घेतली व तींत थोडा फेर केला. ह्या ओळीवर तीस रूपांतरें होतात व मग उपसंहार येतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनांत लेहरा अखंड फिरत राहतो आणि वादकाच्या कल्पनेस मर्यादा व आधार दोन्ही देतो. ह्या ओळीचें कार्य तसेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें ती कधीं माथ्यावर झळकते, कधीं खर्जांत दडते, तर कधीं तिची केवळ जाणीव उरते. तोंपर्यंत सबंध सिंफनीभर मौन धरलेले ट्रॉम्बोन येथें प्रथमच बोलतात. पुढें एकटी बासरी थबकत थबकत आपलें दुःख सांगते. परंतु तिलाहि ओळीबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. आमच्या मतें ह्या अंगाचें कारुण्य ह्या बंधनांतूनच जन्मास येतें. शोक आवरलेला आहे म्हणूनच तो इतका खोल जातो.

दोन्ही कृतींचे शेवटहि हेंच सांगतात. मोझार्ट अखेरीस डी मेजरच्या उजेडांत येतो. कित्येकांस ही श्रोत्यांच्या मर्जीसाठीं केलेली तडजोड वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं; पण एवढ्या वादळानंतरच्या त्या हर्षावर आमचा पुरता विश्वासहि बसत नाहीं. ब्राम्स असा दिलासा देत नाहीं. आरंभिलेला मायनर तो शेवटच्या स्वरापर्यंत निष्ठुरपणें पाळतो.

'अभिजात' व 'रोमँटिक' हे शब्द टाकून द्यावे, असा आमचा आग्रह नाहीं. काळ दाखविण्यास ते उपयोगी आहेत. परंतु काळाची खूण म्हणजे कृतीचा स्वभाव नव्हे, आणि ती खूण वाचून कान आधींच निर्णय देऊन बसले तर संगीतास करण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

अशा जलशाच्या योजकांस आमची एक सूचना आहे. कन्सर्टोंत वाद्यवृंद थांबून पियानोवादक एकटाच वाजवितो, त्या जागेस कॅडेन्झा म्हणतात. ह्या कन्सर्टोसाठीं मोझार्टचा स्वतःचा कॅडेन्झा आज उपलब्ध नाहीं, म्हणून बहुधा बेथोव्हेनचा वाजविला जातो. पण पहिल्या अंगासाठीं ब्राम्सनेंहि एक लिहून ठेविला आहे. तो निवडल्यास उत्तरार्धाचा रचनाकार पूर्वार्धांतच आपल्या पूर्वसूरीशीं बोलूं लागेल, आणि मधल्या विश्रांतींत श्रोत्यांस चर्चा करण्यासारखें कांहीं तरी मिळेल.