०.२७ हा आकडा नेमका कुठला?

अंटार्क्टिकावर मोठी दुर्बीण उभारण्याबद्दल काहीही वाचायला घेतलं, की एक पेपर तुम्हाला भेटतोच. २००४ साली 'नेचर'मध्ये जॉन लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला. त्यातला निष्कर्ष असा: डोम सी या ठिकाणी सीइंगची मध्यिका ०.२७ आर्कसेकंद आहे, आणि तिथली दुर्बीण मध्य अक्षांशांवरच्या उत्तम वेधशाळांतल्या दुप्पट-तिप्पट मोठ्या दुर्बिणीच्या तोडीची ठरेल.

पहिल्या वर्षी मी हा आकडा जसाच्या तसा स्लाइडवर टाकला होता. समोरून एकच प्रश्न आला: "किती उंचीवर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी फक्त सारांश वाचला होता. म्हणून आज हा पेपर तुमच्यासोबत पुन्हा वाचतो.

आधी सीइंग म्हणजे काय ते बघू. वातावरणातल्या खळबळीमुळे तारा बिंदूसारखा न दिसता पसरट दिसतो. तो किती पसरतो, ते माप म्हणजे सीइंग. आकडा जितका लहान तितकं चांगलं. चिलीतल्या किंवा हवाईतल्या चांगल्या जागांवर तो साधारण ०.६ ते ०.८ असतो. अंधुक तारा पार्श्वभूमीच्या उजेडातून वेगळा काढायचा असेल, तर दुर्बिणीचा व्यास भागिले सीइंग हे गुणोत्तर महत्त्वाचं. सीइंग निम्मं झालं, तर व्यास दुप्पट केल्यासारखंच. 'दुप्पट-तिप्पट' आलं ते इथून. गणितात चूक काहीच नाही.

आता मोजमापाकडे या. तेव्हा डोम सीला हिवाळ्यात माणसं राहत नव्हती, उपकरणं आपोआप चालत होती. त्यातलं एक होतं मास. ते ताऱ्याची लुकलुक मोजतं. लुकलुक होते ती मुख्यतः दूरच्या, उंचावरच्या खळबळीमुळे. दुर्बिणीच्या अगदी समोरची खळबळ ताऱ्याची प्रतिमा हलवते, पण लुकलुक जवळजवळ घडवत नाही. म्हणजे जमिनीलगतच्या थराबाबत मास आंधळंच. दुसरं उपकरण सोडार. ते आवाजाच्या लहरी वर सोडून प्रतिध्वनी ऐकतं, पण त्याचं मोजमाप सुरू होतं सुमारे ३० मीटरच्या वर. थोडक्यात, तळाचे ३० मीटर कुणीच मोजले नव्हते.

आणि नेमकी गडबड तिथेच आहे. ध्रुवीय रात्रीत बर्फ सतत उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे सगळ्यात थंड हवा तळाशी बसते आणि वर जाल तसं तापमान वाढतं. वाऱ्याने हे थर जरा घुसळले, की थंड-कमी थंड हवेची सरमिसळ होते आणि प्रकाश वेडावाकडा वळतो. २००५ मध्ये कॉन्कॉर्डिया तळावर पहिल्यांदा माणसं हिवाळाभर राहिली. त्यांनी पूर्ण वातावरणाचं सीइंग मोजलं. अगाबी आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या पेपरनुसार बर्फापासून काही मीटरवर मध्यिका निघाली सुमारे १.३ आर्कसेकंद! खळबळीचा बहुतेक भाग तळाच्या तीसेक मीटरमध्येच सापडला, आणि त्याच्या वर मात्र सीइंग खरोखरच फार चांगलं होतं.

हिशेब करून बघा. १.३ भागिले ०.२७ म्हणजे जवळपास पाच. तीच दुर्बीण ३० मीटर उंच मनोऱ्यावर ठेवली तर तिप्पट मोठीच्या तोडीची, आणि जमिनीवर ठेवली तर चिलीतल्या निम्म्या व्यासाच्या दुर्बिणीएवढी.

मग पेपर चुकीचा होता का? नाही. शीर्षकातच 'डोम सीच्या वर' अशा अर्थाचा शब्द आहे, 'डोम सीला' असा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. 'दुप्पट-तिप्पट'च्या वाक्यात दुर्बीण डोम सीला ठेवलेली आहे, आणि उंचीची अट वाचणाऱ्याने आपल्या मनाने जोडायची आहे. अट एका ठिकाणी आणि मोह दुसऱ्या ठिकाणी असला, की लोक मोहच उद्धृत करतात. मीही तेच केलं. शिवाय ही अट किरकोळ नाही. मोठी दुर्बीण तीस मीटरवर न हलता, न डुलता, उणे साठ अंशांत, आरशावर हिमकण जमू न देता चालवायची, हा स्वतंत्र अभियांत्रिकी प्रकल्प आहे. त्याची किंमत त्या 'दुप्पट-तिप्पट'मधून वजा व्हायला हवी.

२०२० मध्ये 'नेचर'मध्येच डोम ए बद्दल बिन मा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. मुक्त वातावरणातली मध्यिका ०.३१ आर्कसेकंद, आणि तळाचा खळबळीचा थर सुमारे १४ मीटरचाच. मला हा पेपर जास्त प्रामाणिक वाटतो, कारण ८ मीटरवरून प्रत्यक्ष मोजून, तिथून मुक्त वातावरण किती वेळ मिळतं हेही तो सांगतो. साधारण तिसरा हिस्सा वेळ. उरलेला वेळ तुम्ही थराच्या आतच असता. म्हणजे ०.३१ सुद्धा अटीसकटच लिहायचा.

एक गोष्ट मात्र या वादातून सुटते. अवरक्त निरीक्षणात आकाश आणि दुर्बीण दोन्ही स्वतःच्या उष्णतेने चमकतात, आणि थंडीमुळे ही चमक बरीच कमी होते. हा फायदा जमिनीवरही मिळतो, मनोरा लागत नाही. ध्रुवीय दुर्बिणीची बाजू मांडायची असेल, तर मी सुरुवात इथून करीन.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यासमोर वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे मोजला, कशाने मोजला, आणि त्या उपकरणाला काय दिसत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही.