निरोप्या दारात

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी दैनंदिन जीवनाची जी असंख्य चित्रे रंगविली, त्यांत शिपायांच्या विश्रांतीचा एक स्वतंत्र वर्गच आहे. पीटर कॉडे, विलेम डौस्टर आदींच्या चित्रांत शिपाई बंद खोलीत पत्ते व फासे खेळताना, मद्य घेताना, पेंगताना दिसतात. अनेक अभ्यासकांनी या चित्रांचा नीतिपर अर्थ लावला आहे. आळस, जुगार आणि विषयसुख यांविरुद्ध दिलेला हा इशारा होय, असे ते म्हणतात. धर्मगुरूला हा अर्थ सोयीचाच वाटणार. प्रवचनासाठी दृष्टांत आयता मिळतो. परंतु गेरार्ड टेर बोर्ख याचे हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातील 1653 सालचे चित्र पाहताना तो अपुरा वाटतो.

प्रसंग साधा आहे. एक सेनाधिकारी खोलीत निवांत बसला आहे. खाली बसलेली तरुणी त्याच्या मांडीवर रेलली आहे. एवढ्यात रणशिंग फुंकणारा शिपाई पत्र घेऊन आला आहे. हे चित्र ‘नकोशी वार्ता’ या नावाने प्रसिद्ध असले, तरी त्याच्या डच नावाचा अर्थ आहे ‘निरोप्या’. हा शब्द मराठी कॅथलिक कुटुंबांना परका नाही. पत्रातील मजकूर आपल्याला कळत नाही. मात्र विसावा संपला, हे कळते.

ही तरुणी त्याची पत्नी आहे काय, असे आपण लगेच विचारतो. चित्रकार उत्तर देत नाही. त्याच्याच दुसऱ्या एका चित्रात ग्योथे या जर्मन साहित्यिकाला मुलीची समजूत घालणारा पिता दिसला व तसे त्याने 1809 च्या कादंबरीत लिहिले. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांना त्याच आकृतीत वेश्येशी सौदा करणारा शिपाई दिसला. चित्र तेच, निवाडे मात्र परस्परविरोधी! तेव्हा निवाडा चित्रात असतो की पाहणाऱ्याच्या मनात, हा प्रश्न उरतोच.

टेर बोर्खने युद्ध आणि शांतता दोन्ही जवळून पाहिली होती. स्पेन व डच प्रजासत्ताक यांच्यातील तहाला म्युन्स्टर येथे 1648 मध्ये शपथपूर्वक मान्यता देण्यात आली, तो सोहळा त्याने स्वतः रंगविला. तरीही युद्ध संपले नाही. 1667 मध्ये त्याचा सावत्र भाऊ मोझेस इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका किल्ल्यावर चालून जाताना मारला गेला. तो अवघा बावीस वर्षांचा होता. गेरार्ड व बहीण गेसिना यांनी मिळून त्याचे स्मृतिचित्र काढले. ते ज्ञात असताना ‘निरोप्या’ पुन्हा पाहावा. मग खोलीतला तो अधिकारी पापाचे उदाहरण राहत नाही. तो कुणाचा तरी भाऊ होतो.

पुण्याच्या कॅथलिकांना हे विशेष कळावे. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च 1792 चे. सवाई माधवराव पेशव्यांनी त्यासाठी जमीन दिली, ती त्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी. दोन मोहिमांच्या मधल्या काळात तेही पत्ते खेळले असतील, मद्य प्याले असतील. आणि निरोप येताच उठले असतील. या शहरातील आपल्या उपासनेचा आरंभ अशा माणसांपासून झाला आहे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना हाकलले नाही. कुणाला लुबाडू नका, आपल्या वेतनात समाधान माना, एवढेच सांगितले. आणि पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक मिस्सामध्ये आपण जी प्रार्थना म्हणतो, ती एका रोमन शताधिपतीच्या उद्‌गारांवर आधारलेली आहे. आपले छप्पर प्रभूच्या योग्यतेचे नाही, हे त्या लष्करी माणसाने आपल्याआधी ओळखले. टेर बोर्खच्या खोलीकडे त्याच नम्रतेने पाहावे. निरोप्या एके दिवशी आपल्याही दारात उभा राहणार आहे, आणि त्या क्षणी आपण काय करीत असू, हे आपल्याला ठाऊक नाही.