विश्रामबागवाड्याचा पुनरुपयोग : एक चिकित्सा

जुन्या वास्तू नव्या कामास लावाव्यात कीं नाहीं, या वादांत पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा दाखला उभय पक्षांकडून देतां येण्यासारखा आहे. पेशव्यांचा राजवाडा पाठशाळा व कचेऱ्या यांनीं भ्रष्ट केला, असें एका पक्षास म्हणतां येईल. वापर झाला म्हणूनच तो टिकला, असें दुसऱ्यास. दोन्ही मतें पुराव्यावर तपासलीं पाहिजेत.

दुसऱ्या बाजीरावानें हा वाडा १८०७ सालीं बांधविला. १८१८ त राज्य गेलें आणि १८२१ त याच वास्तूंत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षांच्या आयुष्यांत पेशव्यांच्या वाट्यास अवघीं अकरा वर्षें येतात. त्या पाठशाळेचें १८५१ त पूना कॉलेज व पुढें डेक्कन कॉलेज झालें. महाराष्ट्राच्या विद्येतिहासांतील हें पान भ्रष्ट म्हणून फाडून टाकणें आम्हांस मान्य नाहीं.

दुसरें मतही जसेंच्या तसें ग्राह्य नाहीं. शनिवारवाडा १८२८ त जळाला, तसा विश्रामबागेचाही कांहीं भाग १८७९ त जळाला. वापरानें आग टळली नाहीं. भेद पडला तो नंतर. शनिवारवाड्याचे महाल पुन्हा उठले नाहींत. तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र पुन्हा बांधला गेला. चालत्या जागेची गरज कोणास तरी भासते, हें त्याचें एक कारण मानण्यास हरकत नाहीं.

मराठी वाड्याची घडणही पुनरुपयोगास अनुकूल आहे. भार तळखड्यांवरील सागवानी खांब व तुळया यांवर असतो. खणांमधील पडदी काढली वा घातली तरी सांगाडा हालत नाहीं. परंतु राहत्या माणसांसाठीं केलेल्या कडीपाटावर दप्तरांचीं कपाटें रचलीं, किंवा लाकूड सिमेंटानें लिंपून आंत ओल कोंडली, तर तोच सांगाडा वांकतो व कुजतो. दोष वापराचा नव्हे, अडाणी वापराचा.

आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. पोथीचा शोधक मूळ लेखकाचा हात, नक्कलकाराचा हात, समासांतील टीप आणि क्षेपक हीं वेगवेगळीं दाखवितो. क्षेपक आढळला म्हणून तो खरवडून काढीत नाहीं. वास्तूच्या बाबतींत हा विवेक क्वचितच पाळला जातो. 'मूळ रूप' देण्याच्या उत्साहांत पाठशाळेच्या काळच्या खुणा पुसल्या जाण्याचें भय असतें, आणि नवें कोरीवकाम जुन्याशीं इतकें बेमालूम जुळविलें जातें कीं दोहोंचा काळ ओळखूं येत नाहीं.

यास्तव जीर्णोद्धार करणाऱ्यानें कोणता खांब, कोणती तुळई, कोणत्या सालीं बदलली याची यादी नकाशासह दप्तरीं ठेवावी, व नव्या लाकडावर साल कोरावें. असें न झाल्यास १८७९ नंतरचें काम पेशवेकालीन म्हणून पुढील अभ्यासकाच्या माथीं बसेल. आणि बनावट सनदेपेक्षां असा दगडालाकडाचा लेख खोटा ठरविणें अधिक कठीण असतें.