कळ आणि मायक्रोकंट्रोलर यांमधील अनावश्यक मध्यस्थ : प्रकल्प-अहवालांतील एका प्रथेची चिकित्सा

पदवी स्तरावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्प-अहवालांत एक आकृती वारंवार आढळते. एका बाजूस दाबकळा, दुसऱ्या बाजूस ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर आणि मध्ये ‘लेव्हल शिफ्टर’ असे लिहिलेला चौकोन. हा चौकोन कशासाठी, असे विचारले असता ‘कळा ५ व्होल्टच्या आहेत’ असे उत्तर मिळते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या उत्तरावर आहे, तसाच ते निमूटपणे स्वीकारून गुण देणाऱ्या आपणा परीक्षकांवरही आहे.

कळ ५ व्होल्टची नसते आणि ३.३ व्होल्टचीही नसते. तो दोन धातुपट्ट्यांचा संपर्क होय. त्यास स्वतःचे विभव नाही. विभव येते ते पुल-अप रोधातून. हा रोध मायक्रोकंट्रोलरच्याच ३.३ व्होल्ट पुरवठ्यास जोडला आणि कळेचे दुसरे टोक भूमीस जोडले की प्रश्नच उरत नाही. १० किलोओहमचा रोध घेतल्यास कळ दाबली असता केवळ ०.३३ मिलिअँपिअर धारा वाहते. अनेक मायक्रोकंट्रोलरमध्ये हा रोध आतच असतो. एटीमेगा ३२८पीमध्ये तो २० ते ५० किलोओहम आहे. ईएसपी३२च्या ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिनांना मात्र ही सोय नाही. तेथे रोध बाहेरून द्यावा लागतो.

मग ही प्रथा आली कोठून? आपल्या प्रयोगशाळा दीर्घकाळ ८०५१ आणि ५ व्होल्ट यांवर पोसल्या गेल्या. पुढे ३.३ व्होल्टची मंडले आली आणि ‘५ व्होल्ट थेट जोडू नये’ हा नियम त्यांच्यासोबत आला. स्वतः ५ व्होल्टचा संकेत बाहेर टाकणाऱ्या संवेदकासाठी तो योग्यच आहे. विद्यार्थ्याने नियम पाठ केला, त्यामागील कारण नव्हे.

हा मध्यस्थ केवळ अनावश्यक असता तर लेखाचे प्रयोजन नव्हते. एका प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत प्रस्तुत लेखकाने पाहिले की दाबलेली कळ सोडली तरी मायक्रोकंट्रोलरला ती दाबलेलीच दिसे. विद्यार्थ्यांनी दोनदा कळा बदलल्या होत्या, प्रोग्रॅममध्ये विलंबही घातला होता. कारण वेगळेच होते. त्यांनी वापरलेली टीएक्सबी०१०८ ही आयसी संकेताची दिशा आपोआप ओळखते आणि त्यासाठी प्रत्येक पिनवरील शेवटची स्थिती सुमारे ४ किलोओहममधून धरून ठेवते. कळ सोडल्यावर पिनला वर खेचणारा रोध १० किलोओहमचा, तर खाली धरणारा ४ किलोओहमचा. ५ व्होल्टची विभागणी होऊन पिनवर सुमारे १.४३ व्होल्ट उरतात, आणि या आयसीच्या दृष्टीने ५ व्होल्टवर १.७५ व्होल्टपर्यंतचा संकेत हा ‘शून्य’च असतो. दोष आयसीचा नाही. बाह्य रोध ५० किलोओहमहून अधिक असावा, असे तिचे माहितीपत्रक बजावते. ते माहितीपत्रक अहवालाच्या परिशिष्टात जोडलेले होते! शिफ्टर काढून रोध ३.३ व्होल्टला जोडताच कळ सुरळीत चालू लागली. संपर्काच्या थरथरीसाठी काही मिलिसेकंदांचा विलंब तेवढा ठेवावा लागला. ती थरथर शिफ्टरनेही थांबत नाही.

याचा अर्थ कळेला मध्यस्थ कधीच लागत नाही, असा नव्हे. यंत्रावरील मर्यादा-कळ २४ व्होल्टच्या जोडणीत आधीच गुंतलेली असेल, तर तिचे विभव खरोखरच बाहेरचे असते. शिवाय लांब तारांतून गोंगाट येतो आणि मोठ्या संपर्कांवरील ऑक्साइडचा थर भेदण्यास ०.३३ मिलिअँपिअर धारा अपुरी पडू शकते. तेथे ऑप्टोकपलर योग्य ठरतो. तो विद्युतदृष्ट्या विलगता देतो आणि संपर्कातून काही मिलिअँपिअर धाराही वाहू देतो. परंतु प्रयोगशाळेतील मंडलावर, मायक्रोकंट्रोलरपासून चार बोटांवर बसवलेल्या दाबकळेस यांपैकी एकही कारण लागू होत नाही. अशा आकृतीपुढे परीक्षकाने एवढेच विचारावे : पुल-अप रोधाचे वरचे टोक कोठे जोडले आहे, आणि तेथेच का?