तारखेचा रकाना आणि १ जून

मंडळी, माझ्या पिढीतल्या पुष्कळांचा वाढदिवस १ जून असतो. हसू नका, मास्तरांनी लावलेली तारीख ती! दाखल्यात रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. आज मास्तरांच्या जागी प्रोग्रामर आला आहे, इतकंच.

एका संस्थेत हस्तलिखितांची यादी ड्रुपलवर चढवत होते, तिथे गेलो होतो. नोंदी करणारी मुलगी म्हणाली, "सर, पोथीवर नुसतं शके आहे. तारीख पूर्ण भरल्याशिवाय सेव्हच होत नाही."

ड्रुपलचं श्रेय आधी देतो. तिथे फील्डचे तीन भाग वेगळे ठेवले आहेत. टाइप म्हणजे काय साठवायचं, विजेट म्हणजे भरणाऱ्यासमोर काय यायचं, फॉरमॅटर म्हणजे वाचकाला काय दिसायचं. वस्तू, तिचं ग्रहण, तिचं कथन. आम्ही वर्गात आयुष्यभर हाच भेद घसा फोडून सांगत आलो! पण 'कस्टम एडिटर करून द्या' म्हटलं, की लोक फक्त विजेटला हात घालतात. इथेही तेच. शके, मास, तिथी अशा सुरेख उघडत्या याद्या केल्या. आतला टाइप मात्र जुनाच, इसवीची पूर्ण तारीख मागणारा. मग मास-तिथी रिकामी सोडली, की विजेट शकात ७८ मिळवून मुकाट्याने १ जानेवारी लिहून मोकळं.

आता बघा हं. शके १७०० सुरू होतं १७७८च्या चैत्रात आणि संपतं १७७९च्या फाल्गुनात. म्हणजे १ जानेवारी १७७८ हा दिवस त्या शकात येतच नाही, तो १६९९चा! ही काही अंदाजातली ढिलाई नव्हे, हे सरळ असत्य आहे. आणि ते विद्वानांच्या तळटिपांत जाणार.

कुणी म्हणेल, साधा मजकुराचा रकाना द्या. मग क्रमवारी लागत नाही. टाइपच नवा हवा: पोथीवरचा मजकूर जसाच्या तसा, शिवाय लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची तारीख. अंदाजी तारीख ही काही आपलीच अडचण नव्हे. आयएसओ ८६०१च्या २०१९च्या दुसऱ्या भागात 'सुमारे'साठी आणि 'शंकास्पद'साठी वेगळ्या खुणा आहेत. आणि तपासणी विजेटमध्ये नको, नोंदीच्या पातळीवर हवी. एक्सेलमधून येणारी नोंद विजेटचं तोंडही बघत नाही.

हे सगळं त्यांना पटलं. मग त्या मुलीने विचारलं, "सर, आधी भरलेल्या १ जानेवारींचं काय?" मजकूर कुठे साठवलेलाच नव्हता. पोथ्यांची बासनं पुन्हा सोडायला घेतली आहेत.