वंशावळ म्हणजे पुरावा नव्हे: हार्प विभागांचा इतिहास वाचताना

हार्पच्या इतिहासावर काहीही वाचायला घ्या, लवकरच एक वंशावळ समोर येते. पॅरिस कॉन्झर्वेटॉयरमध्ये आल्फोन्स हासेलमान्स १८८४ ते १९१२ प्राध्यापक होते. त्यांचे विद्यार्थी कार्लोस साल्सेदो आणि मार्सेल ग्राँजानी. साल्सेदोंनी १९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये हार्प विभाग सुरू केला, ग्राँजानी १९३८ पासून न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये विभागप्रमुख झाले. बाण काढले, चौकटी भरल्या, इतिहास तयार!

आपल्याला घराण्यांची सवय असल्यामुळे हे लगेच पटतं. पण संशोधनात पटणं पुरेसं नसतं. वंशावळीतून नेमकं काय सिद्ध होतं?

पहिली अडचण. गुरू एकच, तरी शिष्य दोन दिशांना गेले. साल्सेदोंच्या पद्धतीत कोपर वर उचललेले असतात आणि स्वर छेडल्यावर हात हवेत कसा जातो यालाही महत्त्व असतं. ग्राँजानींनी फ्रेंच वळण धरून ठेवलं. हासेलमान्स हे कारण मानलं, तर हा फरक कशाने झाला? बाण फक्त भेट झाली एवढंच सांगतो. काय दिलं, काय घेतलं, काय नाकारलं, हे सांगत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ग्राँजानी लहानपणापासून शिकले ते आंरिएत रनिए यांच्याकडे. या बाईंनी १८८७ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, कॉन्झर्वेटॉयरचं पहिलं पारितोषिक मिळवलं होतं. १९१२ मध्ये हासेलमान्स गेल्यावर ती जागा मार्सेल तूर्निए यांना मिळाली. रनिए खाजगी शिकवण्या घेत राहिल्या. आता गंमत बघा: ग्राँजानींनंतर, १९७५ मध्ये, जुलियार्डचा विभाग सुझॅन मॅकडोनल्ड यांच्याकडे आला, आणि त्याही रनिएंच्या विद्यार्थिनी. जिला कॉन्झर्वेटॉयरची ती खुर्ची मिळाली नाही, तिच्या दोन शिष्यांनी एकापाठोपाठ एक विभाग चालवला. खुर्च्यांवरून काढलेल्या वंशावळीत हे नाव कडेला पडतं.

मग पदाला अर्थच नाही का? आहे. फोरेचं १९०४ चं हार्पसाठीचं ‘आँप्रोंप्त्यू’ कॉन्झर्वेटॉयरच्या स्पर्धा-परीक्षेसाठी लिहिलं गेलं आणि हासेलमान्सना अर्पण झालं. विभाग आहे म्हणून परीक्षा, परीक्षा आहे म्हणून नवी रचना, आणि रचना आहे म्हणून पुढच्या पिढ्यांचा अभ्यासक्रम. पदाचा जोर इथे दिसतो, आणि तो कागदावर दाखवता येतो. वंशावळीपेक्षा हा युक्तिवाद मला कितीतरी मजबूत वाटतो.

तुमचा विषय हार्प नसेलही. पण प्रस्तावात ‘अमुक परंपरा’ असं लिहाल तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारा. ही यादी पदांची आहे की शिकवण्याची? आणि बाणाच्या दोन टोकांमध्ये नेमकं काय गेलं, हे कशावरून दाखवणार? पहिल्यासाठी नेमणुकांच्या नोंदी चालतील. दुसऱ्यासाठी मात्र पद्धतीची पुस्तकं (साल्सेदोंचं १९२१ चं, रनिएंचं १९४६ चं) शेजारी ठेवून वाचावी लागतील, ध्वनिमुद्रणं ऐकावी लागतील, बोटांच्या खुणा केलेल्या जुन्या प्रती शोधाव्या लागतील. काम वाढतं, हे खरं. पण ते टाळलं, तर ज्यांनी खरं शिकवलं त्यांनाच आपण दुसऱ्यांदा डावलतो.